ताप हटत नाही आणि वॉल्व्ह आधीच खराब आहे: हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग ओळखण्यापासून उपचारापर्यंत

तीन आठवड्यांचा ताप. हातातल्या पिशवीत टायफॉइडच्या विडाल चाचणीचे दोन रिपोर्ट, एक मलेरियाचा, सेफ्ट्रियाक्झोनच्या रिकाम्या व्हायल्स आणि अर्धवट राहिलेली अझिथ्रोमायसिनची पट्टी. 'सांजले ताप येस, सकायले उतरी जास,' असं पेशंट सांगतो. चार-पाच दिवस सुया घेतल्या की बरं वाटतं, आठवडाभराने पुन्हा तेच. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कुठल्याही तालुक्यात ओपीडी चालवणाऱ्याला हे चित्र पाठ आहे. बहुतेक वेळा त्यामागे टायफॉइड, मलेरिया किंवा टीबीच निघतो. पण याच रांगेत अधूनमधून हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, बसलेला असतो, आणि तो हुकला तर महागात पडतो. मोठ्या रुग्णालयात नीट उपचार होऊनही साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो, असा हा आजार आहे.

हा लेख मुख्यतः तालुक्याच्या आणि गावपातळीच्या डॉक्टरांसाठी आहे. घरात वॉल्व्हचा पेशंट असेल तर नातेवाइकांनीही वाचावा, मात्र औषधांचे डोस वाचून स्वतः काही ठरवू नये. माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: अँटिबायोटिकची पहिली सुई देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्या. बाकी सगळं जिल्ह्याला, नाशिकला, मुंबईला होऊ शकतं. ही एक गोष्ट मात्र पहिल्या डॉक्टरच्याच हातात असते, आणि एकदा हुकली की पुढे कुणालाही ती पूर्णपणे भरून काढता येत नाही.

आधी आजार दोन ओळींत. झडप खरबरीत झालेली असेल किंवा रक्त चिंचोळ्या जागेतून जोरात जात असेल, तर तिथल्या अस्तराला ओरखडे पडतात आणि त्यावर प्लेटलेट व फायब्रिनची बारीक गुठळी बसते. हिरड्यांतून, कातडीवरच्या जखमेतून किंवा आतड्यातून रक्तात आलेला जंतू त्या गुठळीला चिकटतो आणि थरावर थर चढत जातात. यालाच व्हेजिटेशन म्हणतात. या थरांत ना पांढऱ्या पेशी नीट पोचतात, ना औषध. म्हणून टायफॉइडसारखा दहा-चौदा दिवसांचा कोर्स इथे पुरत नाही. चार ते सहा आठवडे शिरेतून भरपूर मात्रेत औषध द्यावं लागतं. पाच दिवसांच्या सुयांनी फक्त वरचे जंतू मरतात, ताप दबतो आणि आत झडप कुरतडली जात राहते.

संशय कुणाचा घ्यायचा

लहानपणी सांधे सुजले होते, मग 'वॉल्व्ह बारीक आहे' किंवा 'वॉल्व्ह गळतो' असं सांगितलं, दर एकवीस दिवसांनी पेनिड्युर (लांब टिकणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन) चालू आहे, हा आपल्याकडचा नेहमीचा इतिहास. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्या भागात अजून भरपूर आहेत. त्यानंतर येतात वॉल्व्ह बदललेले रुग्ण (स्टीलचा असो की टिश्यूचा), आधी एकदा हाच संसर्ग होऊन गेलेले, जन्मतः हृदयाला छिद्र असलेली किंवा निळी पडणारी मुलं, पेसमेकरवाले आणि गळ्यात डायलिसिसची नळी असलेले.

आणखी एक गट सहज निसटतो. कमजोरी वाटते म्हणून सलाईन लावून घेतलं, सुईची नळी चार-पाच दिवस हातात तशीच राहिली, हात लाल झाला, सुजला. त्यातून स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात गेला, तर तो चांगल्या झडपेवरही बसतो. तो आठवडे लावत नाही, काही दिवसांतच माणूस पार झोपवतो. सलाईनची ही हौस आपल्याकडे पेशंटला आहे तशी डॉक्टरलाही आहे, हे आपसात मान्य करायला हरकत नाही.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरकडे काम करणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. तिथे सिकलसेल आहे. ताप, फिकेपणा, अंगदुखी, रक्त कमी असल्याने हृदयावर ऐकू येणारा जादा आवाज म्हणजे मर्मर, हे सगळं सिकलच्या नावावर सहज खपतं. सिकलचा पेशंट आहे म्हणून ब्लड कल्चर टाळायचं नाही. उलट त्यांना गंभीर जंतुसंसर्गाचा धोका जास्तच असतो.

पेशंट तपासताना

सगळ्यात आधी कूलर बंद करा. मे महिन्यात भुसावळात हे सांगणं निर्दयपणाचं वाटेल, पण एऑर्टिक झडपेच्या गळतीचा आवाज इतका हलका असतो की कूलरच्या घरघरीत तो ऐकू येणारच नाही. पेशंटला बसवून पुढे वाकवा, श्वास सोडून धरायला सांगा, स्टेथोस्कोपचा पडदा छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या बरगडीजवळ दाबून ठेवा. मग डाव्या कुशीवर वळवून मायट्रल ऐका. जुना मर्मर बदलला आहे का, नवा आला आहे का, हा खरा प्रश्न. जुनी फाईल असेल तर इथेच उघडून बघा.

नंतर खालच्या पापणीची आतली बाजू, टाळू, तळहात, तळपाय. आपल्या सावळ्या कातडीवर बारीक रक्तबिंदू दिसत नाहीत, पापणीत आणि टाळूवर मात्र दिसतात. नखांखाली लाल-काळ्या रेघा बघताना जरा तारतम्य लागतं. कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या माणसाच्या नखांच्या टोकाला मार लागून अशा रेघा येतातच. नखाच्या मध्यात किंवा मुळाशी रेघ असेल, एकापेक्षा जास्त बोटांत असेल, तर तिला वजन द्या. बोटांच्या पेरांवर दुखऱ्या गाठी म्हणजे ऑस्लर नोड, तळहात-तळपायावर न दुखणारे लाल डाग म्हणजे जेनवे लिजन. पुस्तकात यांचे फोटो ठळक असतात, प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत ते सापडत नाहीत. ते नाहीत म्हणून आजार नाही, असं समजू नका.

प्लीहा चाचपा. वजन किती उतरलं ते विचारा. कंबरदुखी विचारा, कारण हा आजार कित्येकदा मणक्याच्या दुखण्याच्या वेषात येतो आणि पेशंट हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो. सांधेदुखीत करतात ती आरए फॅक्टर ही रक्ततपासणीही यात पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे दिशाभूल पक्की. आणि दात बघा. किडलेली दाढ, पू येणारी हिरडी दिसली की अर्धं उत्तर मिळालं.

त्याच दिवशी करायच्या साध्या तपासण्या: सीबीसी, सीआरपी किंवा ईएसआर, क्रिएटिनिन, लघवी, मलेरियाची स्लाइड, ईसीजी, छातीचा एक्स-रे. लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडणं हा मोठा धागा आहे. ईसीजीत पीआर अंतर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पोचायला लागणारा वेळ) लिहून ठेवा. उद्या ते वाढलं तर झडपेच्या मुळाशी गळू झाल्याची शंका घ्यावी लागते, आणि आजचा आकडा नसेल तर वाढ कळणार कशी? विडालवर एकट्यावर विसंबून निदान पक्कं करू नये. आपल्या भागात जुन्या संसर्गामुळे किंवा इतर तापातही तो चढलेला दिसतो.

ब्लड कल्चर: इथे घाई करू नका

तीन संच. तीन वेगवेगळ्या शिरा. दोन वेळांमध्ये निदान अर्धा तास. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत साधारण 10 मिली रक्त, संचात दोन बाटल्या (एक हवेत वाढणाऱ्या जंतूंची, एक बिनहवेची). मुलांची बाटली वेगळी असते, रक्तही वजनाप्रमाणे कमी.

हे ऐकून नातेवाईक म्हणतात, 'साहेब, आधीच रक्त कमी आहे, एवढं कशाला काढता?' त्यांना नीट सांगा. रक्तात जंतू विरळ असतात, रक्त कमी घेतलं तर सापडत नाहीत. आणि तीन वेळा का? कातडीवरचा जंतू चुकून एका बाटलीत शिरू शकतो. तोच जंतू वेगवेगळ्या शिरांतून काढलेल्या रक्तात पुन्हा पुन्हा आला, तर तो खरा.

घेताना असं करा. हात धुवा, शीर आधी बोटाने शोधून ठेवा. क्लोरहेक्झिडीन-स्पिरिटने जागा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं तर पुसणं वाया. पुसल्यानंतर त्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही, अगदी शीर हरवली तरी. बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण काढल्यावर खालचं रबरही स्पिरिटने पुसा, कारण टोपणाखालचं रबर निर्जंतुक असेलच असं नाही. आधीपासून लावलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त घेऊ नका. साध्या सिरिंजने घेत असाल तर बिनहवेची बाटली आधी भरा. बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि कुठल्या हातातून ते लिहा. चिकटपट्टी बारकोडवर लावू नका, लॅबवाला वैतागतो आणि त्याचं बरोबर असतं.

ताप चढण्याची वाट बघायची गरज नाही. या आजारात जंतू रक्तात सतत उतरत असतात.

आता आपल्या भागाची अडचण. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायची, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण एप्रिल-मेमध्ये जळगावात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा 'खोलीचं तापमान' या शब्दांना अर्थ राहत नाही. बाटली मोटारसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या टपाशेजारी कुरिअरने पाठवली तर जंतू शिजून निघेल. थर्माकोलच्या डब्यात ठेवा, बर्फाला थेट टेकू देऊ नका, माणसाबरोबर गाडीच्या आतून पाठवा. शक्यतो काही तासांत मशीनमध्ये लागेल असं बघा. तुमच्या गावात बाटल्याच मिळत नसतील, तर जिल्ह्याच्या लॅबकडून चार-सहा आणून ठेवा आणि त्यांची मुदत बघत चला. तेही जमत नसेल, तर पेशंट स्थिर असताना अँटिबायोटिक न देता त्याच दिवशी पुढे पाठवणं हाच योग्य उपचार. चिठ्ठीवर ठळक लिहा: 'अँटिबायोटिक दिलेले नाही, आधी कल्चर घ्यावे.'

अँटिबायोटिक आधीच झालं असेल तर? पेशंट स्थिर असेल, तर तज्ज्ञाशी बोलून औषध दोन-तीन दिवस थांबवून पुन्हा कल्चर घेता येतं. पेशंट शॉकमध्ये असेल, धाप लागली असेल, तर थांबायचं नाही. तासाभरात दोन-तीन संच घ्या आणि लगेच सुरू करा.

गुरं-शेळ्या पाळणारा, कच्चं दूध पिणारा किंवा वार-वेत काढणारा माणूस असेल तर लॅबला तसं कळवा. ब्रुसेला आणि कॉक्सिएला यांचा विचार करावा लागतो. ब्रुसेला हळू वाढतो आणि लॅबमधल्या माणसालाही लागू शकतो. कॉक्सिएला तर साध्या बाटलीत वाढतच नाही, त्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासाव्या लागतात.

इको आणि निदानाचं गणित

छातीवरून केलेला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) जळगाव, धुळ्यात सहज होतो. स्वतःच्या झडपेवर तो साधारण 70 टक्के रुग्णांत व्हेजिटेशन दाखवतो, बदललेल्या झडपेवर निम्म्यातच. अन्ननलिकेतून केलेला इको 90 टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणून बदललेली झडप असेल किंवा साधा इको स्वच्छ येऊनही संशय कायम असेल, तर तो लागतोच. तोही स्वच्छ आला आणि मन मानत नसेल, तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करा. इको करणाऱ्याला 'ताप आहे, एंडोकार्डायटिसचा संशय' असं लिहून द्या. नुसतं 'टूडी इको' लिहिलं तर जुन्या संधिवाताने जाड झालेल्या झडपेवरची बारीक हलती गाठ नजरेतून सुटू शकते.

निदानासाठी ड्यूक निकष वापरतात. ते 1994 चे, 2000 मध्ये सुधारले आणि 2023 मध्ये पुन्हा. तपासण्यांवरचे मुख्य निकष दोन: ओळखीचा जंतू दोन किंवा अधिक वेगळ्या कल्चरमध्ये, आणि इको किंवा सीटीवर झडपेचा पुरावा. दुय्यम: आधीचा हृदयदोष, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, गुठळी उडून (तिचा तुकडा सुटून दुसरीकडे अडकून) झालेल्या खुणा, ऑस्लर नोड किंवा आरए फॅक्टरसारख्या खुणा, आणि मुख्यमध्ये न बसणारा कल्चरचा पुरावा. दोन मुख्य, किंवा एक मुख्य आणि तीन दुय्यम, किंवा पाच दुय्यम म्हणजे निदान पक्कं. 2023 च्या सुधारणेत इको उपलब्ध नसेल तिथे कानाने ऐकलेली नवी गळती दुय्यम निकष म्हणून धरली आहे. धडगावच्या डॉक्टरला हे कामाचं आहे.

उपचार

औषध जंतू बघून ठरतं. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसला पेनिसिलिन किंवा रोज 2 ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन, चार आठवडे. एन्टेरोकोकसला अँपिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्झोन दोन्ही मिळून, सहा आठवडे. साध्या स्टॅफला क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिन चार ते सहा आठवडे, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफला, म्हणजे एमआरएसएला, व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन. बदललेली झडप आणि स्टॅफ एकत्र आले तर त्यात रिफॅम्पिसिन व जेंटामायसिन मिळवतात; उपचार निदान सहा आठवडे चालतो, जेंटामायसिन मात्र फक्त पहिले दोन आठवडे. स्वतःच्या झडपेवरच्या स्टॅफला जेंटामायसिन देऊ नये, फायदा होत नाही आणि किडनी बसते. कल्चर यायच्या आधीच सुरू करणं भाग असेल, तर अनेक ठिकाणी व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्झोन वापरतात. मोठ्या रुग्णालयाशी फोनवर बोलून ठरवावं.

दिवस मोजायचे ते पहिलं कल्चर निगेटिव्ह आल्यापासून, पहिल्या सुईपासून नाही. म्हणून औषध सुरू झाल्यावर दर एक-दोन दिवसांनी पुन्हा कल्चर. रोज मर्मर ऐका, रोज पायाची सूज, धाप, लघवी बघा. क्रिएटिनिन वरचेवर. आठवडा उलटूनही ताप हटत नसेल तर झडपेजवळचं गळू, प्लीहेतलं गळू, सुईच्या जागेचा संसर्ग किंवा औषधाचाच ताप, यांपैकी काय ते शोधा. अँटिबायोटिक बदलत बसण्याने तो प्रश्न सुटत नाही.

दोन आठवड्यांनी पेशंट बरा दिसू लागतो आणि इथे खरी कसोटी लागते. ताप गेला, भूक लागते, घरी वेचणी अडली आहे, केळीला पाणी द्यायचं आहे. 'आता सोडा, गोळ्या द्या.' अशा वेळी घरच्या कर्त्या माणसाला बसवून इकोची तीच प्रत दाखवा. गाठ अजून तिथेच आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की पटतं. अगदी अडलं, तर वाट आहे. पहिले दोन आठवडे धोक्याचे. ते बिनगुंतागुंतीचे गेले, कल्चर स्वच्छ झाली, इको स्थिर असला, तर रोज एकदाचं सेफ्ट्रियाक्झोन गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात देता येतं. तारखा, डोस, शेवटची सुई कधी, कुठली लक्षणं दिसली की परत पाठवायचं, हे सगळं लिहून द्या. निवडक रुग्णांत निदान दहा दिवस शिरेतून दिल्यावर उरलेला कोर्स दोन औषधांच्या गोळ्यांवर पूर्ण करता येतो, हे डेन्मार्कमधल्या पोएट अभ्यासाने दाखवलं. मात्र तो निर्णय अन्ननलिकेतला इको बघून तज्ज्ञाने घ्यायचा, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

केव्हा थांबायचं नाही

धाप लागून आडवं झोपता येत नाही. पीआर वाढलं. औषध योग्य असूनही कल्चर पॉझिटिव्हच. व्हेजिटेशन 10 मिलिमीटर किंवा मोठं आणि एकदा गुठळी उडालेली. फंगसचा संसर्ग. यांपैकी काहीही असेल तर ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा, आणि 'आधी सहा आठवडे पूर्ण होऊ दे' असं म्हणत बसू नका. हृदय निकामी होत असताना घालवलेला प्रत्येक दिवस सर्जनचं काम अवघड करतो. नंदुरबार, नवापूरवाल्यांना सुरत जवळ, धुळे-जळगाववाल्यांना नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया बसतात. पहिल्याच दिवशी रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड मागवून घ्या, रुग्णालय योजनेत आहे का ते फोनवर विचारा, आणि राज्याबाहेर जायचं असेल तर कुठलं कार्ड चालेल हे निघण्याआधी पक्कं करा.

वॉल्व्हच्या तरुण पेशंटला ताप होता आणि अचानक तोंड वाकडं झालं, हातपाय गळाले, तर गुठळी मेंदूत गेली असं धरा. नेहमीच्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते इथे द्यायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो. 108 बोलावतानाच ताप आणि वॉल्व्ह हे दोन शब्द सांगा. स्टीलच्या वॉल्व्हवाल्याने रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नये, आणि त्याला दंडात-कमरेत सुया टोचू नयेत.

बरं झाल्यावर

कोर्स संपताना एक इको करून ठेवा, पुढच्या तुलनेसाठी. नंतर पहिल्या वर्षात चार वेळा दाखवा: एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. या काळात ताप आला तर गावात सुई घेण्याआधी कल्चर.

दात हा कायमचा विषय. मिश्री आणि गुटखा सुटले तर हिरड्या सुधारतात. रोज दोनदा ब्रश, वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरकडे. बदललेली झडप, आधी झालेला एंडोकार्डायटिस किंवा निळा जन्मदोष असेल, तर दात काढण्याआधी किंवा हिरडीला हात लागणाऱ्या कामाआधी 30 ते 60 मिनिटं 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन एकदाच घ्यायचं. मुलांना किलोमागे 50 मिलिग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर 500 मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन. नुसत्या संधिवाताने खराब झालेल्या झडपेला हे द्यावं का, यावर मार्गदर्शक सूचनांत एकमत नाही. मी हिरड्या खराब असलेल्यांना देतो.

'दर एकवीस दिवसांनी पेनिड्युर घेतो, मग वेगळं कशाला?' असं हमखास विचारतात. ते इंजेक्शन संधिवाताचा ताप परत येऊ नये म्हणून आहे, दात काढताना रक्तात उतरणाऱ्या जंतूंसाठी त्याची मात्रा पुरत नाही. शिवाय कायम पेनिसिलिनवर असलेल्यांच्या तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून अशा पेशंटला अमॉक्सिसिलिनऐवजी अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन द्यावं. दातांच्या डॉक्टरकडे जाताना पेनिड्युरचं कार्ड आणि इकोचा रिपोर्ट दोन्ही सोबत न्या, आणि खुर्चीत बसण्याआधीच ते हातात द्या.